बिनमातीची झाडं

आमच्या मॅडमच्या घरी ‘किती सुंदर!’ म्हणायला बंदी होती. गॅलरीत ऑर्किड फुललेलं असायचं, बघणाऱ्याच्या तोंडून शब्द सुटायचाच, आणि मॅडम चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “सुंदर हा आळशी माणसाचा शब्द आहे. नीट बघ आणि काय दिसतंय ते सांग.” मग तो माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी असो की गॅस सिलिंडरवाला, गॅलरीत अवघडून उभा राहायचा आणि सांगायचा, “जांभळं आहे... मधे पिवळं आहे... आणि जिभेसारखं काहीतरी बाहेर आलंय.”

“हां. आता चहा मिळेल.”

मॅडम घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात कॉमर्सच्या पोरांना गणित शिकवायच्या. राहायच्या मुलुंडला, पूर्वेच्या बाजूला, जिथे वस्ती संपून मिठागरं लागतात तिथल्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, एकट्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. स्टाफरूममधल्या एका नव्या सरांनी विचारलं होतं म्हणे, तर मॅडम म्हणाल्या, “ते गणित मी ऑप्शनला टाकलं.”

वर्गात यायच्या तेव्हा उजव्या हाताला खडू आणि डाव्या हाताच्या नखांत कोळसा. कॉलेजच्या वाटेवर एक इस्त्रीवाला होता, त्याच्याकडून त्या कोळशाचे तुकडे निवडून घ्यायच्या आणि पिशवीत बांधून पर्समध्ये टाकायच्या. रुमाल काढला की तोही काळा. आम्ही त्यांना कोळसाबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. मॅडमनी ते पुसलं नाही. उरलेल्या अर्ध्या फळ्यावर तास घेतला आणि जाताना म्हणाल्या, “ज्याने लिहिलंय त्याचं अक्षर चांगलं आहे. पेपरातही असंच काढ.”

कोळसा ऑर्किडसाठी. हे मला तेव्हा कुठे ठाऊक! ऑर्किड मी फक्त लग्नाच्या हॉलबाहेर, पाहुण्यांच्या स्वागताच्या गुच्छात बघितलेलं, तेही बाहेरूनच. मॅडमनी सांगितलं की ही झाडं रानात दुसऱ्या झाडांच्या अंगावर राहतात. राहतात फक्त, खात काही नाहीत त्यांचं. “भाडेकरू आहेत, बांडगुळं नाहीत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माती त्यांना चालत नाही. मुळांना हवा लागते. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं, एवढ्यावर ती लाकडी पट्ट्यांच्या टोपल्यांत टांगून राहतात. मातीत घातली की मुळं गुदमरतात आणि कुजतात.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी मिरवते. हो, मिरवते. असल्फ्याच्या टेकडीवर, जिथे हंडा घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात, तिथे मी वाढले. माझ्या आधी आमच्यात कुणी कॉलेजचं गेटही बघितलेलं नव्हतं. तर पहिल्याच टेस्टला मॅडमनी मला एका गणितात भोपळा दिला. सगळ्या पायऱ्या बरोबर, शेवटी एक वजाचं चिन्ह चुकलेलं. मी भांडायला गेले.

“मॅडम, स्टेप्सचे तरी द्या.”

“चूक ती चूक. अर्धी चूक नसते.”

“मग अर्धं बरोबर तर असतं ना?”

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “तुला मार्क हवेत का गणित हवंय?”

“दोन्ही.”

“हावरट आहेस. रविवारी घरी ये.”

मार्क दिले नाहीतच. पण त्या रविवारपासून मी मुलुंडला जायला लागले आणि पदवी झाल्यावर, नोकरी लागल्यावरही जात राहिले. सहा महिन्यांच्या परीक्षा संपल्या, माणूस राहिला.

त्या घरात टीव्ही नव्हता, सोफा नव्हता. हॉलच्या पलीकडे गॅलरी, आणि गॅलरीत वरपासून खालपर्यंत टांगलेल्या टोपल्या. सकाळी मॅडम फवाऱ्याची बाटली घेऊन हजेरी घ्यायच्या. ऑर्किडची मुळं टोपलीबाहेर हवेत लोंबत असतात, पांढरी, कागदासारखी, मेलीत असंच वाटतं. त्यांच्यावर फवारा मारला की बघता बघता ती हिरवी होतात. डोळ्यांसमोर. मॅडमनी हे आयुष्यभर रोज बघितलेलं, तरी रोज “हे बघ, हे बघ” म्हणायच्या. वर्गात एक वाक्य दुसऱ्यांदा न बोलणारी बाई इथे दोनदा बोलायची.

कधी सकाळी फोन यायचा. “डेंड्रोबियमची कळी आज उघडणार. ये.” नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी चरफडत जायची. आम्ही दोघी गॅलरीच्या उंबऱ्यात फरशीवर बसायचो, चहा घेऊन, त्या कळीकडे टक लावून. काही म्हणजे काही व्हायचं नाही. मग कप ठेवायला आत जावं, परत यावं, तर एक पाकळी बाजूला झालेली. मॅडम कपाळावर हात मारायच्या. “गेलं! पुन्हा गेलं! आधी मिटलेली दिसते, मग उघडलेली दिसते. मधलं कधी सापडत नाही.” आणि हसायच्या. मला माझ्या आयुष्यातली सुट्टीची सकाळ म्हटलं की तीच आठवते. दुसरं काही न करता, कशाच्या तरी उघडण्याची वाट बघत बसणं. आमच्या टेकडीवर असल्या चैनीला वेळ नव्हता. तिथे पाणी जायच्या आत सगळं उरकायचं असायचं.

एक झाड मात्र गॅलरीत होतं जे कधीच फुललं नाही. मॅडम त्याला ‘केटी’ म्हणायच्या, म्हणजे विषय राहिलेलं. ते विकतचं नव्हतं. कोकणात त्यांच्या वडिलांच्या घरासमोर एक आंबा होता, त्याच्यावर सीतेची वेणी होती. हे आपल्याकडचं रानातलं ऑर्किड; उन्हाळ्याच्या शेवटी याचा तुरा खरंच वेणीसारखा खाली लोंबतो. हमरस्ता रुंद करताना तो आंबा तोडला. मॅडमना निरोप मिळेपर्यंत झाड आडवं झालं होतं. त्या गेल्या आणि वेणी असलेला फांदीचा तुकडा करवतीने कापून घेऊन आल्या, एसटीत, मांडीवर धरून. कंडक्टर म्हणाला, “बाय, लाकडाक तिकीट पडतला.” मॅडम म्हणाल्या, “लाकडाचं नाही, माझ्या बहिणीचं दे.” आणि फाडायला लावलं.

ती फांदी गॅलरीत टांगली. पानं जगली, मुळांनी लाकूड धरून ठेवलं, पण तुरा काही येईना. वर्षं गेली. “लहानपणी परकर सावरत मी आंब्याखाली उभी राहायची आणि वर बघायची. आई म्हणायची, मान मोडेल.” हे सांगताना मॅडमचा आवाज वेगळा व्हायचा. “हिला एकदा फुललेली बघायचीय. बाकी काही नाही.” बाकी खरंच काही नव्हतं. सख्खी बहीण वारलेली, तिचा मुलगा परदेशात, पुस्तकं वाटून टाकलेली. त्या बाईने आयुष्याकडे एवढंच मागितलं होतं, आणि मागितलं म्हणजे काय, हजेरी घेताना केटीसमोर थोडं जास्त थांबायच्या.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण नंतर ती मला विसरता आली नाही. एका वर्षी एक जुनं डेंड्रोबियम अचानक पेऱ्यापेऱ्यावर फुललं. पानं जवळजवळ नव्हती, नुसती फुलं. मी म्हटलं, “झकास! पार्टी पाहिजे मॅडम.” त्या म्हणाल्या, “हे चाललं.” मला कळेना. त्यांनी टोपली उतरवून दाखवली. खाली मुळं पोकळ, काळी. “मुळं गेली की काही झाडांना कळतं. मग जे साठवलेलं असतं ते सगळं फुलात घालतात, बी तरी मागे पडावं म्हणून. लोक टाळ्या वाजवतात.” पंधरवड्यात ते झाड गेलं.

आता माझी आई. ती सोलापूरकडची. लहानपणापासून दुसऱ्यांच्या रानात खुरपलेली, लग्न होऊन मुंबईत आली ती टेकडीवर. तिला अक्षर येत नाही, पण तेलाच्या रिकाम्या डब्यात तिने काय लावलं आणि आलं नाही, असं झालेलं मी बघितलं नाही. मिरच्या, मेथी, कढीपत्ता, एकदा तर भोपळ्याचा वेल पत्र्यावर चढवून अख्ख्या गल्लीला भोपळे खायला घातले. त्या डब्यांत माती असायची मामाच्या रानाची. मामाने सगळी हयात लोकांच्या बांधावर राबून शेवटी स्वतःचा एक तुकडा घेतला, आमच्या घराण्यात जमीन नावावर असलेला पहिला माणूस. आई गावाला गेली की तिथली काळी माती पिशवीत भरून आणायची. कुंभारवाड्यातून आणलेली असती तरी चाललं असतं, पण तिला तीच पाहिजे. “आपल्या मालकीची हाय,” म्हणायची. मी ग्रॅज्युएट झाल्याचं ती जसं सांगायची, तसंच ते सांगायची.

मी पास झाले तेव्हा ती शेंगापोळ्या घेऊन मॅडमकडे आली. चहा झाल्यावर तिने आपला कप उठून विसळला आणि वेगळा, कोपऱ्यात पालथा ठेवला. जुनी सवय. मॅडमनी तो उचलून आपल्या कपात बसवला आणि म्हणाल्या, “ताई, या घरात आधीच भांडी कमी आहेत. त्यांच्यात वाटण्या नकोत.” आई घरी येताना सबंध वाट तेच सांगत होती, जणू मी तिथे नव्हतेच.

गॅलरी बघितल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

“आवं बाई, ही कसली झाडं? चुलीतला कोळसा घालून वर टांगलीत. फाशी दिल्यावानी.”

“त्यांना तसंच आवडतं.”

“कुणी इचारलं त्यास्नी? मुळं बघा की. भुकंनं भाईर आल्यात.”

मॅडम खोकला येईपर्यंत हसल्या. तिथून पुढे दोघींचं हे कायमचं चालायचं. “लेकरांस्नी जेवायला घातलं का न्हाई?” “डाएटवर आहेत, ताई.” “असलं कसलं डायट, नुसतं हवा खायाचं!”

मग मॅडमच्या पोटात गाठ निघाली. रिपोर्ट घेऊन मी तोंड पाडून बसले होते, तर मलाच म्हणाल्या, “रडतेस काय? उत्तर आलंय. आता फक्त स्टेप्स लिहायच्या.” ऑपरेशन ठरलं. पोट उघडलं आणि तसंच बंद केलं. मग ताप, मग आणखी काही, करत करत दवाखान्यातला मुक्काम लांबला. मार्च गेला, एप्रिल निघाला. अंधेरीच्या सीएच्या ऑफिसातून सुटले की मी दवाखान्यात. घराची किल्ली आईकडे. ती स्वतः म्हणाली, “मी जाते, घर झाडीन, झाडांकडं बघीन.” माझी आई तिथे कामाला गेली नव्हती, हे इथे स्पष्ट लिहिते. ती गेली कारण त्या घरात तिचा कप मॅडमच्या कपात होता.

मॅडमचा निरोप साधा होता. सकाळी फवारा, मुळं हिरवी झाली की थांबायचं. रोज संध्याकाळी पहिला प्रश्न एकच, “केटीचं काय?” मी आईला विचारायची, आई म्हणायची, “सांग बाईंस्नी, झाडं आता खात्यापित्या घरची झाल्यात.” हे मी मॅडमना सांगितलं. दोघी हसलो. आईची बोलायची तऱ्हाच तशी.

मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, घरी न्या. त्याचा अर्थ मॅडमना सांगावा लागला नाही. टॅक्सीत त्या खिडकीला डोकं टेकून होत्या. मुलुंड आलं तेव्हा म्हणाल्या, “चार पायऱ्या चढवल्यास तरी मी पोचेन, गॅलरीपर्यंत.” तिसरा मजला. सोसायटीतल्या पोरांनी खुर्चीवर बसवून वर नेलं.

आईने दार उघडलं. नवं लुगडं नेसली होती. “या बाई, या. आधी तुमची लेकरं बघा.”

गॅलरी रिकामी होती. म्हणजे वरचे सगळे हूक रिकामे होते. खाली फरशीवर ओळीने कुंड्या, तेलाचे डबे, आइस्क्रीमचे डबे, आणि प्रत्येकात काठोकाठ काळी माती. ओली. मॅडमचं एकन् एक ऑर्किड त्यात रोवलेलं, पडू नये म्हणून झाडूच्या काड्यांना दोऱ्याने बांधलेलं. बाहेर लोंबणारी मुळं कात्रीने साफ केलेली. लाकडी टोपल्या धुऊन एकात एक घातलेल्या. कोळसासुद्धा धुऊन पिशवीत भरून ठेवला होता, इस्त्रीवाल्याला परत द्यायला.

“मामाकडनं टेंपोत मागवली माती,” आई सांगत होती. “दोन पोती. म्या म्हनलं, बाई तिकडं सलाइनवर, हिकडं झाडं उपाशी. असं चालंल का? शेणखत बी घातलंय. आनि ह्ये बघा, ह्ये!” तिने मोठा पितळी डबा पुढे ओढला. आंब्याच्या फांदीपासून सोडवून केटी त्यात लावली होती. आणि पानाच्या बगलेतून एक हिरवा दांडा निघून वाकला होता, बारीक बारीक कळ्यांनी भरलेला. “कणीस धरलंय, बाई! बाजरीवानी. माती लागली आन् धरलं बघा. मुद्दाम सांगितलं न्हाई, म्हनलं डोळ्यानं बघू द्या.”

माझ्या तोंडून “आई, हे काय...” एवढं निघालं आणि मॅडमनी माझं मनगट धरलं. हाडांचा हात, पण पकड अशी की मी गप्प झाले.

मॅडम बघत होत्या. काय दिसतंय ते सांग, म्हणणारी बाई. त्यांना सगळं दिसत होतं. मातीला लागलेलं बुंध्याचं पान पिवळं पडलं होतं, ते मलाही दिसत होतं.

आईचा चेहरा थोडा उतरला. “मंजी... बराबर झालं न्हवं, बाई?”

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “पैकीच्या पैकी.”

एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. वर्गात पहिल्या आलेल्यालाही त्या “ठीक” म्हणायच्या. आईने पदर तोंडाला लावला. ती आत चहा टाकायला गेली आणि मी मॅडमच्या कानाशी लागले.

“मॅडम, आत्ता काढली तर वाचतील. कोळसा आहे, टोपल्या आहेत. मी रात्रीत करते.”

“वाचतील. काही.”

“मग?”

“उद्या तुझी आई येईल. विचारेल, माती कुठे गेली.”

“मी सांगेन तिला. ती समजून घेईल. चूक ती चूक, हे तुमचंच ना?”

मॅडमनी डोळे मिटले. “ज्याला पुढचा पेपर आहे त्याची चूक दाखवायची. नाहीतर नुसता लाल पेन चालवण्यात काय आहे?” मग म्हणाल्या, “ती तिची स्वतःची माती आहे गं. तिने मला ती दिली. मी काय, परत करू?”

आणि मला बजावलं, “तिला सांगायचं नाही. कधीच नाही. शपथबिपथ मी मानत नाही. तुला सांगितलं, बस.”

सीतेची वेणी फुलली. मी लिहिते आहे तशी ती गोष्ट गोड नव्हती. पांढऱ्या फुलांवर जांभळे शिंतोडे, एकाला एक चिकटून, देठाकडून टोकाकडे उघडत गेली. आईने डबा स्टुलावर ठेवला होता म्हणजे तुरा लोंबायला जागा मिळेल. मॅडमची खाट आम्ही हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराशी लावली होती. शेजारणी बघायला आल्या, सगळ्या म्हणाल्या, “अय्या, किती सुंदर!” मॅडमनी कुणालाही अडवलं नाही. ते बघून मला कळलं की आता फार दिवस नाहीत.

मी विचारलं, “काय दिसतंय ते सांगा, मॅडम.”

त्यांनी तुऱ्यावरून देठापासून टोकापर्यंत नजर फिरवली. मग म्हणाल्या, “टोकाचं उघडेपर्यंत देठाकडची गळायला लागतात. खालून मान वर करून बघायचे तेव्हा हे दिसलं नव्हतं. पूर्ण अशी ती कधीच नसते.” आणि थोड्या वेळाने, “बुंधा दाबून बघितलास?”

बघितला होता. मऊ होता. बोटाला वास आला होता. मी म्हटलं, “नाही.”

“खोटं बोलायला लागलीस,” त्या म्हणाल्या. “बरं आहे. उपयोगी पडेल.”

आई त्यांचे पाय चेपत होती. तिला आमच्या बोलण्यातलं काही लागलं नाही. “पुढल्या वर्साला दोन कणसं धरंल बघा, बाई,” ती म्हणाली.

“धरेल, ताई.”

मॅडम गेल्या तेव्हा तुरा सुकून काळा पडला होता. भाचा येऊन किल्ली घेऊन गेला. सोसायटी आता पाडायला काढली आहे, सभोवती निळे पत्रे लागलेत. ऑर्किडं त्याआधीच एकामागून एक लोळत गेली होती. पान ओढलं की हातात यायचं. केटी तेवढी आईने टेकडीवर आणली. ती आधीच मेलेली होती, पण आई तिला रोज पाणी घालायची. शेवटी म्हणाली, “बाईंच्या मागं गेलं. जिवाला जीव देनारं झाड.” मला वाटलं, चला, इथे संपलं.

संपलं नाही. मॅडमच्या वर्षश्राद्धासारखं काही आमच्यात नसतं, पण त्या गेल्या तो महिना आला की आई नर्सरीत जाऊन एक ऑर्किड विकत आणते. बाईंच्या नावानं एक तरी जगवायचं, हा तिचा पण. आणून मामाच्या काळ्या मातीत लावते, शेणखत घालते, रोज पाणी. ते मरतं. पुढच्या वर्षी पुन्हा. कोळशात लावून बघू, म्हणून मी सुचवलं होतं. तशी माझ्यावर उसळली. “बाईंनी सवता मार्क दिलं मला, पैकीच्या पैकी. तुझ्यासमोर दिलं. तू बाईंपरीस शानी झालीस का?” खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की मॅडम खोटं बोलल्या. आणि त्याच्याही आधी हे, की त्यांची सगळी झाडं कुणामुळे मेली.

गेल्या वर्षी तिने मिरच्यांचे डबे रिकामे केले. मेथी लावायची बंद केली. “माझ्या हाताचं यश गेलं,” म्हणाली. “पैल्यांदा बाईंच्या घरी धरलं, तेवढंच. मंग हातच खोटा पडला.” डबे पायऱ्यांच्या कडेला पालथे पडलेत. आयुष्यभर जे तिला जमत होतं, तेच तिच्याकडून गेलं, आणि का गेलं ते मला माहीत आहे.

मॅडम, तुमचं गणित इथे चुकलं. पुढचा पेपर होता. तुम्ही नव्हतात एवढंच.

परवा रविवारी ती पुन्हा म्हणाली, “चल. ही शेवटची. न्हाई जगली तर नाद सोडला.” मुलुंडच्याच नर्सरीत गेलो. तिने बराच वेळ लावून एक डेंड्रोबियम निवडलं, कळीवर आलेलं. नर्सरीवाला पोरगा चांगला होता. झाड तिच्या हातात देताना म्हणाला, “मावशी, एक सांगू? याला माती नका घालू हां. सडतं. कोळशात ठेवा, असंच.”

आई हसली. त्या हसण्यात जुनी आई होती जरा. “तुला काय ठावं रं? आमच्या बाई कालेजात शिकवत व्हत्या, त्यांच्या गॅलरीत म्या सवता मातीत लावलेली. कणीस धरलेलं, एवढं. बाईंनी बघितलंय.”

“अहो मावशी, कुणालाही विचारा...”

“कुनाला कशापायी? ही माझी लेक. ग्रॅज्युएट हाय. हिच्यासमोर झालंय.” ती माझ्याकडे वळली. झाड छातीशी धरलेलं, कळ्या तिच्या खांद्यावर आलेल्या. “सांग गं याला. माती लागती का न्हाई?”

तो माझ्याकडे बघत होता. तीही.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “लागते.”

पोराने कळ्यांना धक्का लागू नये म्हणून झाडाभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं आणि दोरा बांधला. खाली, कागदाबाहेर, पांढरी मुळं लोंबत होती. आईने वाटेत ती हळूच आत खोचली.